अद्भुतविश्वातील मधला काळ : मुक्त रचनेच्या भूमिकाप्रधान संगणक-खेळांच्या आकर्षणाचा एक विचार

१. प्रास्ताविक

संगणकावरील खेळ हा विषय आपल्याकडे प्रामुख्याने मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि पालकांची चिंता या अंगांनी चर्चिला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत खेळांच्या विकृत आसक्तीची नोंद झाली. ही आवृत्ती २०१९ मध्ये संमत झाली आणि २०२२ पासून लागू झाली. २०२० मध्ये केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून 'पबजी मोबाईल' या खेळावर बंदी घातली. २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. या घटना महत्त्वाच्या आहेतच. परंतु त्यांच्या अनुषंगाने होणाऱ्या चर्चेत जुगार, नेमबाजी आणि दीर्घ कथात्म खेळ हे सारे एकाच माळेचे मणी ठरतात. परिणामी, ज्या खेळांना कथनाची स्वतःची अशी रीत आहे, त्यांचा कलाकृती म्हणून विचार करण्याचे राहूनच जाते.

प्रस्तुत लेखात 'रोल-प्लेइंग गेम' या प्रकारासाठी 'भूमिकाप्रधान खेळ' ही संज्ञा वापरली आहे. त्यातही ज्या खेळांत काल्पनिक, अद्भुत विश्व असते आणि त्या विश्वात कोठे जावे, काय करावे, मुख्य कथेकडे केव्हा वळावे हे खेळणाऱ्यावर सोपवलेले असते, अशा मुक्त रचनेच्या खेळांपुरताच हा विचार मर्यादित आहे. या खेळांच्या आकर्षणाची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात : एक, ते वास्तवापासून पळवाट देतात, दोन, ते अमर्याद स्वातंत्र्य देतात. ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी आहेत असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. कथा ज्या मधल्या काळाला ओलांडून पुढे जाते, तो काळ एका घेतलेल्या भूमिकेतून जगता येणे, हे या खेळांचे खरे आकर्षण होय. आणि त्या काळात केलेल्या निवडीला किती वजन आहे, यावर त्यांचे मूल्यमापन व्हावयास हवे.

२. प्रकाराची घडण

या प्रकाराचे मूळ संगणकात नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळला जात असे. एक जण निवेदक होई, इतर जण आपापली पात्रे धारण करीत आणि कथा बोलण्यातून घडत जाई. संगणकाने या निवेदकाची जागा घेण्याचा प्रयत्न केला. रिचर्ड गॅरियट यांची 'अल्टिमा' ही मालिका १९८१ पासून, तर बेथेस्डा या अमेरिकन कंपनीची 'द एल्डर स्क्रोल्स' ही मालिका १९९४ पासून सुरू झाली. दुसऱ्या मालिकेतील 'मॉरोविंड' (२००२), 'ऑब्लिव्हियन' (२००६) आणि 'स्कायरिम' (२०११) या खेळांनी मुक्त रचनेला जगभर लोकप्रियता मिळवून दिली.

'मॉरोविंड'चा आरंभ या संदर्भात पाहण्याजोगा आहे. खेळणारा एक सुटलेला कैदी म्हणून जहाजातून अनोळखी बेटावर उतरतो. एक पुडके एका माणसाकडे पोहोचते करणे, एवढेच काम त्याला दिलेले असते. तो माणूस भेटल्यावर मुख्य कथा वेग घेईल अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो सांगतो की, तू अजून तयार नाहीस. आधी एखाद्या संघात जा, काम कर, अनुभव घे आणि मग ये. कथाच खेळणाऱ्याला कथेबाहेर पाठवते. त्यानंतर अनेक जण ते बेट महिनोन्महिने पायी तुडवतात आणि मुख्य कथेकडे परतायचे विसरतात. या विसरण्याला दोष मानावे की रचनेचे यश मानावे, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

३. मधला काळ

नाशिकच्या वाचकाला या रचनेतील एक सूत्र परके वाटू नये. वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात सीताहरणापूर्वी राम, सीता आणि लक्ष्मण दंडकारण्यात एका आश्रमातून दुसऱ्या आश्रमात हिंडत राहतात. या हिंडण्यात सुमारे दहा वर्षे जातात. त्यानंतर सुतीक्ष्णांकडून अगस्त्यांच्या आश्रमाची वाट कळते. अगस्त्य रामाला धनुष्य, भाते आणि खड्ग देतात व गोदातीरावरील पंचवटीचा निर्देश करतात. वनवासाच्या चौदा वर्षांपैकी दहा वर्षे व्यापणारा हा काळ कवीने मोजक्या श्लोकांत आटोपला आहे. कोणत्या आश्रमात कोण भेटले, कोणत्या वाटेने पाणी लागले, कोणाचे कोणते छोटे काम करून दिले, याची नोंद महाकाव्याला करावयाची नाही. कारण त्याचे लक्ष पुढील हरणाकडे आणि युद्धाकडे लागलेले आहे.

मुक्त रचनेचा खेळ नेमकी हीच दहा वर्षे उलगडतो. वाट विचारणे, शस्त्र मिळवणे, अनोळखी गावातल्या कोणाचे हरवलेले काही शोधून देणे, पाऊस थांबेपर्यंत आडोशाला उभे राहणे, हे त्याचे मुख्य द्रव्य आहे. जगाच्या नाशाचे संकट डोक्यावर असूनही नायक वनस्पती गोळा करीत बसतो, अशी टीका या खेळांवर होते. ती तर्काच्या दृष्टीने बरोबर असली, तरी कथानकाला केंद्रस्थानी मानणाऱ्या निकषातून आलेली आहे. येथे कथानक हे निमित्त असून विश्वात वावरणे हा अनुभव आहे.

मराठी समीक्षेची अडचण येथेच आहे. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या आपल्या कादंबरीच्या आरंभकाळी लिहिल्या गेल्या. तथापि हरिभाऊ आपटे यांच्या सामाजिक कादंबरीनंतर वास्तवदर्शन हा प्रमुख निकष झाला आणि अद्भुत हे बाल्यावस्थेचे लक्षण मानले जाऊ लागले. वि. का. राजवाडे यांनी 'कादंबरी' या १९०२ मधील निबंधात अद्भुत आणि वास्तव यांचा प्रश्न गांभीर्याने चर्चेला घेतला होता. ती चर्चा पुढे खंडित झाली नसती, तर आज अद्भुताविषयी बोलण्यासाठी 'पलायनवाद' याखेरीज अधिक शब्द आपल्या हाताशी असते. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ च्या परीकथांवरील व्याख्यानात कैद्याची सुटका आणि सैनिकाचे रणातून पळणे यांत फरक केला होता. हा फरक येथे उपयोगी पडतो. ज्याचा दिवस वेळापत्रक, परीक्षा आणि स्पर्धा यांनी काठोकाठ भरलेला आहे, त्या विद्यार्थ्याला उद्दिष्टाविना हिंडण्याची मोकळीक ज्या विश्वात मिळते, ते विश्व त्याच्या वास्तवाविषयीही काही सांगत असते.

४. भूमिका आणि सोंग

मधला काळ जगावयाचा तर कोणीतरी व्हावे लागते. रॉजर कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ मधील आपल्या ग्रंथात खेळांचे स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ असे चार प्रकार कल्पिले. भूमिकाप्रधान खेळात पहिले दोन असतातच. परंतु त्याचा प्राण तिसऱ्यात आहे.

'सोंग' हा शब्द नाशिक जिल्ह्यात केवळ रूपकापुरता नाही. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत आणि शेजारच्या मोखाडा-जव्हार भागात आदिवासी समाजात 'बोहाडा' होतो. गणपती, नरसिंह, रावण, वेताळ, देवी अशा मुखवट्यांची सोंगे रात्रभर संबळाच्या तालावर नाचत येतात. मुखवटा चढवणारा माणूस रोजच्या जीवनात शेतकरी किंवा मजूर असतो. त्या रात्री गाव त्याला त्या देवतेच्या वा असुराच्या रूपात पाहते. अनेक गावांत विशिष्ट सोंगाचा मान विशिष्ट घराण्याकडे असतो. सोंग घेणे म्हणजे स्वतःला विसरणे नव्हे. आपण कोण आहोत हे गावाला ठाऊक असताना दुसरे कोणी होणे होय.

संगणक-खेळाशी ही तुलना साम्यापेक्षा भेदासाठी अधिक उद्बोधक आहे. बोहाड्यातील सोंगाला साक्षीदार आहेत. ते बिघडले तर गाव बोलते. संगणकासमोर एकट्याने घेतलेल्या भूमिकेला असा साक्षीदार नसतो. तेथे कोणी पाहत नाही, शिवाय केलेली कृती पुसताही येते : खेळ जेथे साठवून ठेवला होता तेथे परत गेले की चोरी, खून, विश्वासघात यांपैकी काहीच घडलेले नसते. म्हणून या कलाप्रकारापुढील कठीण प्रश्न असा की, साक्षीदार नसलेल्या भूमिकेला वजन कोठून आणावयाचे?

५. निवडीचे वजन

या प्रश्नाचे एक जुने आणि उत्तम उत्तर 'अल्टिमा ४' (१९८५) मध्ये आढळते. ज्या 'अवतार' शब्दाने आज पडद्यावरील कोणतेही प्रतिरूप ओळखले जाते, तो संस्कृत शब्द या खेळाच्या नावातच आहे. येथे शेवटी मारावयाचा महाखलनायक नाही. आठ सद्गुण आचरणात आणून 'अवतार' होणे हे साध्य आहे. एका दुकानातील विक्रेती आंधळी असते. किती नाणी मोजून दिली हे खेळणाऱ्यानेच सांगावयाचे असते. कमी दिली तरी व्यवहार पूर्ण होतो, कोणी हटकत नाही. मात्र प्रामाणिकपणाच्या खात्यात त्याची नोंद गुपचूप होत राहते आणि पुष्कळ पुढे गेल्यावर खेळणाऱ्याची वाट अडते. साक्षीदार दिसत नव्हता, पण होता.

'मॉरोविंड'ने दुसरे उत्तर दिले. त्यात कथेला आवश्यक अशा पात्रालाही ठार मारता येते. मारल्यास भविष्यवाणीचा धागा तुटल्याची सूचना मिळते : मागे जाऊन खेळ पुन्हा सुरू करा, अन्यथा तुम्हीच घडवलेल्या या अभागी जगात राहा. पुढील 'स्कायरिम'मध्ये मात्र अशी अनेक पात्रे अवध्य केली आहेत. ती गुडघ्यावर बसतात आणि थोड्या वेळाने उठतात. वाटेचेही तसेच. 'मॉरोविंड'मध्ये लोक सांगतील त्या खुणांवरून ठिकाण शोधावे लागे. 'ऑब्लिव्हियन'पासून होकायंत्रावरची खूण थेट मुक्कामी नेऊ लागली. सोय वाढली, त्याबरोबर चुकण्याची, म्हणजेच विश्वाकडे लक्ष देण्याची, गरज घटली. मोकळीक कायम राहिली, पण तिचे वजन कमी झाले.

विस्तार आणि स्वातंत्र्य यांचीही अशीच गल्लत होते. 'डॅगरफॉल' (१९९६) या खेळात संगणकीय सूत्राने निर्माण केलेली हजारो गावे होती. एक पाहिले की दुसरे पाहिल्यासारखेच वाटे. त्यापुढचा 'मॉरोविंड' त्या मानाने फारच लहान, परंतु हाताने रचलेला होता आणि त्याचा कोपरा न् कोपरा लक्षात राहतो.

६. महाराष्ट्रातील एक प्रयत्न : 'राजी'

भारतीय अद्भुतावर आधारलेल्या खेळांत पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा विशेष उल्लेखनीय आहे. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या भावाच्या शोधात निघालेली राजी, तिच्या कथेवर भाष्य करणारी दुर्गा आणि विष्णू ही दैवते, राजस्थानी वास्तुशैलीचा प्रत्यय देणारे महाल आणि छायाबाहुल्यांच्या शैलीतील कथाप्रसंग, ही त्याची सामग्री. दृश्यरचनेचा कस आणि एका मुलीला दिलेले नायकत्व यांमुळे त्याची दखल देशाबाहेरही घेतली गेली.

तथापि 'राजी'ची वाट एकच आहे. हरण झाले आहे, शोध घ्यावयाचा आहे आणि प्रत्येक दालन पुढच्या दालनातच उघडते. भिंतींवरील चित्रांपाशी राजी थांबते, पुराणकथा ऐकते. परंतु त्या विश्वात तिला राहता येत नाही. साहसप्रधान खेळाची ही रीतच असल्याने तो दोष ठरत नाही. शिवाय मुक्त विश्व उभारण्यास लागणारे मनुष्यबळ लहान संस्थेला परवडणारे नसते. तरीही त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या पुराणांतून देव, असुर आणि शस्त्रे उचलणे तुलनेने सोपे आहे. त्या परंपरेतील अरण्य, म्हणजे हिंडण्याचा तो मधला काळ, खेळात आणणे अवघड आहे. आश्रमांची ती दहा वर्षे अद्याप आपल्याकडील खेळात उतरलेली नाहीत.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, मुक्त रचनेच्या अद्भुत खेळांचे आकर्षण समजून घेण्यासाठी तीन प्रश्न उपयुक्त ठरतात. मधला काळ खरोखर जगता येतो, की तो कामांच्या यादीने भरून काढलेला आहे? घेतलेल्या भूमिकेमुळे जग वेगळे दिसते, की भूमिका केवळ वेषांतरापुरती आहे? आणि केलेल्या कृतीचे काही उरते, की सर्व काही पुसता येते? या प्रश्नांवर टिकणारे खेळ थोडे आहेत. बरेचसे खेळ मोकळेपणाच्या नावाखाली खेळणाऱ्याला एका खुणेवरून दुसऱ्या खुणेकडे पळवत असतात. आणि काळजी करावयाची असेल, तर ती प्रथम याची करावी.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या प्रश्नांना व्यावहारिक महत्त्वही आहे. कादंबरीचे पात्र, कथनाचा काळ, लेखकाचे नियंत्रण या संकल्पना आपण वर्गात शिकवतो. समोर बसलेल्यांपैकी काहींनी या संकल्पनांचा अनुभव शेकडो तास घेतलेला असतो. त्यासाठी लागणारी परिभाषा मात्र त्यांच्यापाशी नसते. ती देण्याचे काम समीक्षेचे आहे. खेळ किती तास खेळलास, हे विद्यार्थ्याला विचारणारे पुष्कळ आहेत. त्या तासांत तू कोण झाला होतास आणि काय केलेस, हे त्याला अध्यापकाने विचारावयास हवे.