‘मानधन’ : एका संज्ञेची समीक्षा

संस्कृत काव्यात ‘मानधन’ हा बहुव्रीही समास आहे : मान हेच ज्याचे धन, असा मानी पुरुष. मराठीने त्याचा तत्पुरुष केला : मानार्थ दिलेले धन. व्याख्यात्यास वा परीक्षकास प्रसंगविशेषी द्यावयाच्या रकमेस ही संज्ञा शोभते. कारण तेथे नोकरीचे बंधन नसते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मात्र अंगणवाडी सेविका व मदतनीस यांच्या मासिक प्राप्तीस हाच शब्द लावला गेला.

शब्दाची परीक्षा त्याच्या साहचर्यावरून करावी. ‘थकीत मानधन’, ‘मानधनात कपात’, ‘मानधनवाढीसाठी संप’ हे प्रयोग आता नित्याचे झाले आहेत. मान थकीत राहत नाही आणि त्यात कपातही होत नाही. या गोष्टी वेतनाच्या होत. म्हणजे प्रयोगाने वेतन व संज्ञेने मानधन, अशी ही विसंगती आहे.

तिचे मूळ सोबतच्या शब्दांत सापडते. ‘अंगणवाडी’ कामाची जागा घराच्या अंगणातच ठेवते. ‘सेविका’ त्या कामास श्रम न म्हणता सेवा म्हणते. वेळेच्या वापरासंबंधीच्या २०२४ च्या राष्ट्रीय पाहणीत, विनामोबदला गृहकृत्ये करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुषांचा ८८ मिनिटे वेळ जातो, असे आढळले. पन्नाशी ओलांडलेल्या सेविकेस सकाळी गावची मुले, नंतर घरची नातवंडे व अंथरुणास खिळलेली सासू, असे एकाच जातीचे काम दोन ठिकाणी करावे लागते. घरी त्यास मोल नाही. अंगणवाडीत मोल आहे, पण त्यास वेतन म्हणावयाचे नाही.

हा वाद केवळ कोशातला नव्हे. निवृत्त होताना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळणार की नाही, हे त्यावर अवलंबून होते. गुजरातेतील सेविकांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी निर्णय दिला, की १९७२ च्या उपदान कायद्यातील वेतनाच्या व्याख्येत हे मानधनही येते. त्या कायद्याने सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन ठरविले होते व महिन्याचे दिवस २६ धरले होते. त्या हिशेबाने तीस वर्षांच्या सेवेचे उपदान सतरा महिन्यांच्या प्राप्तीहून अधिक होते. म्हातारपणीची एवढी रक्कम एका शब्दाच्या अर्थाने अडवून धरली होती.

‘वेतन’ म्हटल्याने सेविकेचा मान उणावेल, असा आक्षेप संभवतो. परंतु विद्यापीठातील अध्यापक वेतनच घेतो, आणि त्यामुळे त्याचा मान उणावल्याचे कोणी म्हटलेले नाही.