कुलूप लागलेली घरं आणि ‘सावरलेल्या’ शाळा

कोविडनंतर गावाकडच्या शाळा सावरल्या का? हा प्रश्न निघाला की बहुतेक वेळा ‘असर’चे आकडे पुढे केले जातात. ‘असर’ म्हणजे ‘प्रथम’ संस्थेचा ग्रामीण शिक्षणाचा पाहणी अहवाल. माझ्या पीएच.डी.चा विषय शिक्षण नाही, संख्याशास्त्र आहे. त्यातही ‘गहाळ माहिती’, म्हणजे जे मोजायचं राहून गेलं त्याचं काय करायचं, हा. त्यामुळे ‘असर २०२२’ वाचताना माझं लक्ष भलत्याच ठिकाणी अडकलं. ते कुठे, ते आज सांगते.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. ही पाहणी शाळेत नाही, घरी जाऊन होते. २०२२ मध्ये ६१६ जिल्हे, १९,०६० गावं आणि जवळपास ७ लाख मुलं. वाचन आणि गणित तपासताना प्रत्येक मुलाला एकेकटं समोर बसवतात. वाचनात अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठे अडखळतं ते तिथंच कळतं.

निकाल काय आले? देशात ६ ते १४ वयाच्या मुलांची पटनोंदणी २०१८ मध्ये ९७.२ टक्के होती, ती २०२२ मध्ये ९८.४ टक्के झाली. लॉकडाऊनमध्ये मुलं शाळा सोडतील ही भीती या आकड्यापुरती तरी खोटी ठरली. पण वाचनाचं काय? महाराष्ट्रात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचं प्रमाण ४२.१ वरून २६.६ टक्क्यांवर आलं. त्याचं कारणही सरळ आहे. २०२२ मध्ये तिसरीत असलेलं मूल जून २०२० मध्ये पहिलीला लागलं. पण राज्यातल्या ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला, आणि जानेवारीत ते पुन्हा काही दिवस बंद झाले. म्हणजे पहिलीचं वर्ष त्या मुलाला मिळालंच नाही.

इथपर्यंत माझं अहवालाशी काही भांडण नाही. मी अडकले ती एका छोट्या नियमापाशी. प्रत्येक गावात २० घरं घ्यायची. घराला कुलूप असेल तर तशी नोंद करायची आणि पुढच्या घरी जायचं. बंद घर त्या २० मध्ये धरायचं नाही.

एम.एस्सी.ला असताना मी एका दुसऱ्याच पाहणीसाठी बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर गेले होते. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. ओळीनं दारांना कुलपं. एका ओट्यावर आजी बसल्या होत्या. म्हणाल्या, “कारखान्याला गेले समदे. आता पाडव्यालाच येतील बघ.” आम्ही पुढचं उघडं दार शोधलं आणि फॉर्म पूर्ण केला. फॉर्मवर एकही रकाना रिकामा राहिला नाही, पण वस्तीतली निम्मी मुलं त्यात नव्हती.

आता थोडं संख्याशास्त्र. कुलपं जर कुठल्याही घराला, योगायोगानं लागली असतील तर सरासरीचं फारसं बिघडत नाही. पण कुलूप लागण्याचं कारण आणि मुलाचं शिकणं यांचा संबंध असेल तर आकडा एका बाजूला झुकतो. एक काल्पनिक वस्ती घ्या, तिसरीची ३० मुलं. त्यातली २० घरी आहेत, पैकी ६ वाचतात : ३० टक्के. १० जण आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेत, त्यातला एकच वाचतो. सगळी धरली तर ३० पैकी ७, म्हणजे जेमतेम २३ टक्के. पाहणी करणाऱ्यानं एकही चूक केलेली नाही, तरी उत्तर चुकलंय. ‘असर’ची पाहणी साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये होते, आणि ऊसतोडीच्या टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच गाव सोडतात.

तुम्ही म्हणाल, मग काय, कुलपाशी बोलायचं का? नाही. पण बंद घरांची नोंद होतेच, तर ती जिल्ह्यांच्या तक्त्यात शेजारी छापा. मग ज्या भागात कुलपं जास्त तिथला आकडा आपण सावधपणे वाचू.

हे फक्त अहवाल वाचणाऱ्यांचं दुखणं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागानं २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. कमी पटाच्या शाळेत मुलांना सोबत मिळत नाही, शिक्षकही पुरत नाहीत, हा मुद्दा खरा आहे. पण पट म्हणजे हजेरीपुस्तकातली नावं. ती शाळा कोणाला कशासाठी लागते, हे पट सांगत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्यातल्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी असं आहे. वस्तीवर शाळा असेल तर आई पोराला आजीपाशी ठेवून जाऊ शकते. तीच शाळा चार किलोमीटरवर गेली तर आजी त्याला रोज कसं पोचवणार? मग पोरगं टोळीबरोबर जातं, पुढच्या पाहणीत त्याच्या दाराला कुलूप असतं, आणि ते कुठल्याच टक्क्यात येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : स्थलांतर होणाऱ्या तालुक्यांत शाळेचा निर्णय नुसत्या पटावर घेऊ नका. हंगामी वसतिगृहाची योजना आहेच. आधी ती वेळेवर, टोळ्या निघायच्या आत सुरू होते का ते बघा.

आणि तुम्ही गावाकडे असाल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत एक प्रश्न नक्की विचारा. पटावर नावं किती, आणि डिसेंबरातल्या एखाद्या मंगळवारी वर्गात मुलं किती? दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा. शाळा हलवायची चर्चा निघाली की ती वही कामाला येईल.