टोला पडतो आणि दिवे जातात

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं हार्टफर्ड शहर. थँक्सगिव्हिंगचा गुरुवार, २२ नोव्हेंबर १९९०. वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या 'सर्व्हायव्हर सिरीज' या कार्यक्रमात त्या एकाच संध्याकाळी दोन नवी पात्रं प्रेक्षकांसमोर आली. एकाच्या वाट्याला अंत्ययात्रेचे सूर आले, दुसऱ्याच्या वाट्याला नाचाचे. पहिला अंडरटेकर. पुढची तीस वर्षं या धंद्यात त्याच्याएवढा दरारा क्वचितच कुणाचा राहिला. दुसरा गॉब्लडी गूकर, टर्की पक्ष्याचा पिसारा घातलेला आणि भल्याथोरल्या अंड्यातून बाहेर आलेला. त्याची प्रेक्षकांनी तिथल्या तिथे हुर्यो उडवली. व्यावसायिक कुस्तीतलं सर्वांत चांगलं आणि सर्वांत वाईट प्रवेश-संगीत कोणतं, असं विचारलं तर माझी दोन्ही उत्तरं या एका कार्यक्रमात सापडतात.

प्रवेश-संगीताला ही कुस्ती एवढं महत्त्व का देते, ते आधी पाहायला हवं. इथे निकाल आधीच ठरलेला असतो. कोण जिंकणार यापेक्षा कोण येणार आणि कसा येणार, याची उत्कंठा मोठी असते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात हलगी आणि घुमकं कडाडतं, पण ते दोन्ही पैलवानांसाठी. ती वाद्यं मैदानाची असतात, आखाड्यात उतरलेल्या कुणालाही त्यांनी स्फुरण चढतं. अमेरिकी कुस्तीत मात्र प्रत्येकाची धून वेगळी, आणि ती त्याच्या नावावर लागलेली. पडद्यामागून माणूस दिसायच्या आधी त्याची धून येते. पहिल्या दोन-तीन सुरांत वीस हजारांना कळतं की कोण येतंय.

ही पद्धत रुजवण्याचं श्रेय बहुधा गॉर्जस जॉर्जला दिलं जातं. १९४०च्या दशकात हा कुरळ्या सोनेरी केसांचा, नटवा मल्ल एडवर्ड एल्गारच्या 'पॉम्प अँड सर्कमस्टन्स' या राजेशाही संचलनगीतावर रिंगकडे यायचा. पुढे रँडी सॅव्हेजने तीच धून घेतली. रिक फ्लेअरने रिचर्ड स्ट्रॉसची १८९६ची रचना घेतली. पण ही सगळी उसनी आणलेली वस्त्रं होती. अंगावर माप घेऊन संगीत शिवणारा माणूस १९८०च्या दशकात आला. त्याचं नाव जिम जॉन्स्टन. २०१७पर्यंत तो 'सर्व्हायव्हर सिरीज' भरवणाऱ्या या कंपनीत होता आणि शेकडो धुना त्याने बांधल्या. अंडरटेकरची धून त्याचीच.

त्या धुनेचा पाया मात्र शोपँचा आहे. फ्रेडरिक शोपँच्या दुसऱ्या पियानो सोनाटाचा तिसरा भाग म्हणजे प्रसिद्ध शोकसंचलन. सोनाटा १८३९ साली पूर्ण झाला, आणि १८४९ साली पॅरिसमध्ये खुद्द शोपँच्या दफनाच्या वेळी हेच संचलन वाजवलं गेलं. त्याची सुरुवात ऐका. चार आघात : पहिला ठाम, दुसरा ठाम, तिसरा निसटता, चौथा पुन्हा ठाम. चारही एकाच स्वरावर. डाव्या हाताला दोनच स्वरसमूह आलटून पालटून येत राहतात. सूर पुढे जायला तयार नसतो, पाऊल मात्र टाकावंच लागतं. तिरडीला खांदा दिलेल्या माणसाची हीच अवस्था असते. मरणाचं वर्णन करण्याऐवजी शोपँने मेलेल्याला नेणाऱ्यांची पावलं लिहिली.

जॉन्स्टनने हे बरोबर हेरलं. त्याने ते चार आघात घेतले, ते पियानोऐवजी ऑर्गनच्या भरीव, घशातून आल्यासारख्या आवाजात ठेवले आणि तिथून धून आपल्या वाटेने वळवली. पुढच्या काळात तिच्या आधी घंटेचा टोला वाजू लागला आणि तो टोलाच तिचा मुखडा ठरला. टोला पडतो, सभागृहातले सगळे दिवे जातात, आणि मग काहीच होत नाही. टोल्याचा घुमारा विरत जातो. दुसरा टोला लगेच येत नाही. या मधल्या रिकाम्या जागेत प्रेक्षक ओरडतात, आणि माझ्या मते ही सगळी रचना त्या रिकाम्या जागेसाठी आहे. दोन टोल्यांमध्ये जॉन्स्टन एकही सूर भरत नाही. तिथे हजारो माणसांचा आवाज येणार हे त्याने गृहीत धरलेलं आहे.

मग ऑर्गन, निळसर उजेड, धूर, आणि लांब काळा कोट नि रुंद काठाची टोपी घातलेला तो उंच माणूस. तो कुणाकडे पाहत नाही, हात हलवत नाही, पावलांना घाई नाही. त्या काळात हे किती वेगळं होतं ते ध्यानात घ्यायला हवं. १९९०च्या नोव्हेंबरात कंपनीचा विजेता अल्टिमेट वॉरियर होता. तो गिटारच्या धडाक्यावर पडद्यामागून सुसाट धावत यायचा आणि रिंगचे दोर गदागदा हलवायचा. त्या धावपळीच्या, भडक रंगांच्या दुनियेत एक माणूस चालत आला. धून संथ होती म्हणून त्याला चालावं लागलं, आणि तो चालला म्हणून धुनेला वजन आलं.

रिंगच्या लोखंडी पायऱ्यांपाशी तो थांबतो. पायऱ्या चढून दोन्ही हात सावकाश वर उचलतो, आणि हात वर जातील तसतसे सभागृहाचे दिवे उजळत जातात. मग दोरांतून आत आल्यावर टोपी उतरते आणि डोळ्यांची बुबुळं वर जाऊन नुसता पांढरा भाग दिसतो. या दोन्ही क्षणी धुनेत नवं काही घडत नाही. तोच ठेका, तोच ऑर्गन. एखादा हौशी संगीतकार हात वर जाताना झांजा वाजवेल, टोपी निघताना ढोल बडवेल. जॉन्स्टन संयम राखतो. हालचाल मोठी असते तेव्हा सूर तिच्यावर स्वार होत नाहीत.

ही धून त्या माणसाची किती होती, याची परीक्षा आपोआप झाली. मे २००० मध्ये अंडरटेकर मोटारसायकलवर बसून परतला. कोट गेला, टोपी गेली, गॉगल आणि डोक्याला रुमाल आला. संगीत आधी किड रॉकचं, मग लिंप बिझकिटचं. दोन्ही गाणी त्या काळची गाजलेली, आणि मोटारसायकलला शोभणारी. माणूस तोच, उंची तीच, मारही तोच. पण ती गाणी सुरू झाल्यावर दुसरं कुणीही आलं असतं तरी चाललं असतं. १४ मार्च २००४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, रेसलमेनियाच्या विसाव्या सोहळ्यात, घंटा पुन्हा वाजली. मशाली घेतलेल्या झगेवाल्यांची रांग आली, आणि त्यांच्यामागून तो चालत आला. त्या रात्रीचा जल्लोष ऐकला की कळतं, लोकांना त्याचा सावकाशपणा हवा होता.

आता याच्या अगदी उलट चालीचा माणूस घेऊ. स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिनची धून काच फुटण्याच्या आवाजाने सुरू होते. ही पण जॉन्स्टनचीच. घंटेला वेळ लागतो, काचेला क्षण पुरतो. काच फुटते आणि पुढच्या क्षणी गिटार सुरू होते. त्या चिंचोळ्या फटीत सगळं सभागृह फुटतं. ४ जानेवारी १९९९ रोजी दाखवल्या गेलेल्या 'रॉ' या साप्ताहिक कार्यक्रमात मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथे द रॉक आणि मॅनकाइंड यांची विजेतेपदाची लढत चालू होती. मॅनकाइंड, म्हणजे मिक फोली, हा सोसणारा, पडणारा, कधी विजेता होईल असं न वाटणारा मल्ल. लढत ऐन रंगात असताना काच फुटली. तिथला आवाज आजही ऐकावा. गिटार त्या आरोळीखाली गाडली जाते. ऑस्टिन खुर्ची घेऊन येतो, रॉकला पाडतो, आणि फोली पहिल्यांदा विजेता होतो. काच हा दुसऱ्याच्या लढतीत घुसण्याचा सूर आहे. बोलावलं नसताना दार फोडून येणाऱ्या माणसाला यापेक्षा नेमकं संगीत मिळणं कठीण.

तिसरं उदाहरण कर्ट अँगलचं, आणि ते मला सर्वांत गोड वाटतं. अँगल १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमधला फ्रीस्टाइल कुस्तीचा खराखुरा सुवर्णपदक विजेता. त्याची तुतारीची देशभक्तीपर धून मात्र त्याच्यासाठी बांधलेली नव्हती. १९९७ मध्ये ती द पॅट्रियट या मुखवटाधारी मल्लासाठी वाजत असे. तिथे ती आली आणि गेली. अँगलकडे आल्यावर प्रेक्षकांना तिच्यातल्या फटी दिसल्या. तुतारीचे स्वर तुटक आहेत, दोन फुंकींमध्ये नेमकी दोन अक्षरांची जागा आहे. त्या जागेत लोक त्याला हिणवणारे दोन शब्द ओरडू लागले : 'यू सक'. तो दुष्टाच्या भूमिकेत असताना ते चिडवणं होतं. तो लाडका झाला तरी लोकांनी शब्द बदलले नाहीत, फक्त तोंडावर हसू आलं. पॅट्रियटसाठी वाजताना त्याच धुनेत त्याच फटी होत्या, पण तेव्हा कुणी त्यांत शिरलं नाही. संगीतकाराने जागा सोडली तरी ती भरायला योग्य माणूस यावा लागतो.

या तिन्ही धुना ऐकल्यावर माझं म्हणणं स्पष्ट होतं. उत्तम प्रवेश-संगीत हे मुद्दाम अपुरं ठेवलेलं संगीत असतं. त्याचा एक हिस्सा मल्लाची चाल पूर्ण करते, दुसरा हिस्सा लोकांचा आवाज. घरी कानात इअरफोन घालून अंडरटेकरची धून ऐकली तर ती थोडी एकसुरी वाटते, आणि ते बरोबरच आहे.

म्हणूनच सर्वांत वाईट संगीत गॉब्लडी गूकरचं. तिथे बिघडलं काय, हे संगीतातूनच दिसतं. कित्येक आठवडे एक प्रचंड अंडं कार्यक्रमांतून मिरवलं जात होतं आणि त्यातून काय निघणार, याचं कुतूहल वाढवलं जात होतं. त्या रात्री अंडं फुटलं आणि पिसांच्या पोशाखातला हेक्टर गरेरो बाहेर आला. हा नावाजलेल्या कुस्ती घराण्यातला, कसलेला मल्ल, आणि त्याला दिलं 'टर्की इन द स्ट्रॉ'. एकोणिसाव्या शतकातली ही अमेरिकी लोकधून फिडलवर वाजवायची, खेड्यातल्या नाचाची. आपल्या जागी ती फक्कड आहे. पण तिची बांधणी पाहा : सूर एकमेकांना चिकटून, अखंड, भरधाव. श्वास घ्यायलासुद्धा फट नाही. प्रेक्षकाने ओरडावं तर कुठे? मल्लाने थबकावं तर कुठे? त्या धुनेवर फक्त नाचता येतं, म्हणून गूकर नाचला आणि निवेदक जीन ओकरलंडलाही नाचावं लागलं. संगीत लोकांना सांगत होतं की आता मजा वाटून घ्या, आणि लोकांना मजा वाटत नव्हती. फट नव्हती तरी हुर्यो आली. ती सुरांच्या डोक्यावरून आली.

वाईट संगीताचा दुसरा एक प्रकार आज जास्त दिसतो. त्यात चूक काढायला जागा नसते. गिटार तयार, ढोल तयार, दणका भरपूर. पण तीच धून उद्या दुसऱ्याला दिली तर फरक पडणार नाही. तिच्यात पहिला ओळखीचा आघात नाही आणि त्यानंतरची शांतता नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच तापमानावर ती उकळत राहते. गूकरची निदान आठवण राहिली, या धुनांची राहत नाही.

आपल्याकडे ही कुस्ती नव्वदच्या दशकात केबलने घराघरांत आणली. मराठी मुलांनी ट्रम्प कार्डांवरची या मल्लांची उंची, वजन, छाती, दंड पाठ केले. पण त्या पत्त्यांवर जे छापता येत नव्हतं ते कानात राहिलं. अंडरटेकरचं बारशाला ठेवलेलं नाव अनेकांना माहीत नसेल, मार्क कॅलवे, पण घंटेचा टोला कळत नाही असा त्या पिढीचा प्रेक्षक विरळा.

२२ नोव्हेंबर २०२० रोजी, बरोबर तीस वर्षांनी, अंडरटेकरने निरोप घेतला. करोनाचा काळ होता. ऑरलंडोच्या सभागृहात प्रेक्षक नव्हते, त्यांच्या जागी पडद्यांवर घरबसल्या चेहरे होते. टोला पडला, दिवे गेले, ऑर्गन सुरू झाला, तो त्याच संथ पावलांनी आला. सगळं जागच्या जागी होतं, तरी दोन टोल्यांमधली ती जागा रिकामी राहिली. जॉन्स्टनने ती कुणासाठी राखली होती, ते त्या रात्री सर्वांत स्पष्ट ऐकू आलं.

माझा निवाडा असा : सर्वांत वाईट ते, जे लोकांना काही करायला ठेवत नाही. सर्वांत चांगली ती घंटा. आणि जिम जॉन्स्टन या माणसाचं नाव विसाव्या शतकातल्या लोकप्रिय संगीतकारांमध्ये आदराने घेतलं गेलं पाहिजे, कारण त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चालण्यासाठी संगीत लिहिलं आणि त्यात प्रेक्षकाचा वाटा कधी खाल्ला नाही.