नाव, वेष आणि रक्तरेषा : फ्रिदा काहलोच्या चित्रांतील संमिश्र वारसा

मेक्सिकन चित्रकर्ती फ्रिदा काहलो (१९०७-१९५४) हिच्या कलेचा विचार बहुधा तिचा अपघात, आजारपण आणि दिएगो रिव्हेराशी झालेला विवाह यांच्या आधारे केला जातो. अमृता शेरगिलशी तिची तुलना करण्याची रूढीही आपल्याकडे पडून गेली आहे. मात्र दोघींचा जन्म मिश्र कुटुंबांत झाला, यापलीकडे ती तुलना क्वचितच जाते. प्रस्तुत टिपणात फ्रिदाने आपला वारसा नाव आणि प्रतीके यांतून कसा मांडला, एवढाच प्रश्न घ्यावयाचा आहे.

वडील गिलेर्मो हे जर्मनीतून आलेले छायाचित्रकार. आई मातिल्दे स्पॅनिश व मूलनिवासी अशा मिश्र वंशाची. मुलीचे नाव माग्दालेना कार्मेन फ्रिदा. १९३१ च्या दांपत्यचित्रावरील मजकुरात ती आपले नाव जर्मन वळणाने, म्हणजे एक जादा 'ई' घालून लिहिते. पुढील वर्षी मेक्सिको व अमेरिका यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या आत्मचित्रात मात्र चौथऱ्यावर 'कार्मेन रिव्हेरा' हे नाव कोरलेले दिसते. हातात मेक्सिकोचा ध्वज, आणि नाव मात्र बाप्तिस्म्याचे व पतीचे! पुढे ती जादा 'ई'ही गळाली. नाझी राजवटीच्या उदयाशी अभ्यासक हा बदल जोडतात.

वडील हंगेरियन ज्यू वंशाचे असल्याचे ती सांगत असे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते जर्मन लुथरन घराण्यातील असल्याचे दाखविले. यावरून तिला असत्यवादी ठरविणे मला उथळपणाचे वाटते. छळाला सामोऱ्या जाणाऱ्यांच्या बाजूचे पूर्वज तिने स्वतःसाठी निवडले, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. १९३६ च्या वंशचित्रात निळ्या घराच्या अंगणात उभी असलेली बालिका तांबडी फीत हातात धरते. तिची टोके सागरावरील पितृपक्षाकडे व डोंगरांवरील मातृपक्षाकडे जातात. येथे वंश बालिकेला बांधत नाही. फीत तिच्याच मुठीत आहे.

'दोन फ्रिदा' (१९३९) हे चित्र सामान्यतः युरोप विरुद्ध मेक्सिको असे वाचले जाते. रिव्हेराशी घटस्फोट झाला त्याच वर्षीचे हे चित्र. एकीच्या अंगावर पांढरा लेसचा युरोपीय पोशाख, दुसरीच्या अंगावर तेवानतेपेक परिसरातील स्त्रियांचा तेवाना वेष. हा वेषही कोयोआकानमध्ये वाढलेल्या फ्रिदाने जाणीवपूर्वक स्वीकारलेला होता. त्यामुळे त्याला 'मुळे' आणि लेसला 'परकेपणा' मानणारे वाचन टिकत नाही. रक्तवाहिनी निघते ती तेवाना फ्रिदाच्या हातातील दिएगोच्या बालपणीच्या छोट्या चित्रापासून. दोन्ही उघड्या हृदयांतून जाऊन ती युरोपीय फ्रिदाच्या मांडीवर येते, आणि तेथे शस्त्रक्रियेच्या चिमट्याने धरूनही रक्त ठिबकतेच. पांढऱ्या झग्यावरील हे थेंब काठावरच्या तांबड्या फुलांत असे मिसळतात की भरतकाम कोठे संपते आणि जखम कोठे सुरू होते, हे चटकन उमगत नाही. दोघींनी एकमेकींचे हात मात्र सोडलेले नाहीत.