शेवटचा अंतरा कापू नका

ऑक्टोबरच्या 15-16 तारखांना चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आणि एप्रिलमध्ये वरोऱ्यापासून अहेरीपर्यंत गावोगाव भीमगीतांचे कार्यक्रम रंगतात. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांशिवाय त्यांतला एकही पुरा होत नाही. खास त्यांना वाहिलेले कार्यक्रमही होतात. गायकांचे गळे तयार आहेत, वादक कसलेले आहेत, लोक मध्यरात्रीपर्यंत हलत नाहीत. आणि तरीही अशा कार्यक्रमातून उठताना मला सारखं वाटत राहतं की, आज गाणारे भेटले, लिहिणारा भेटला नाही.

वामनदादा गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यात ‘वामन’ हे नाव गुंफत. संतांच्या अभंगापासून चालत आलेली ही रीत त्यांनी निव्वळ सहीपुरती ठेवली नाही. आधीच्या अंतऱ्यांत समाजाबद्दल बोलणारा कवी इथे स्वतः पुढे येतो, स्वतःला आणि ऐकणाऱ्याला जाब विचारतो. गाण्याचा खरा निकाल बहुधा इथेच लागतो.

आता मंचावर काय होतं ते पाहा. मुखडा होतो, एक अंतरा होतो, टाळ्या पडतात. कुणीतरी शंभराची नोट घेऊन वर येतो. ढोलकी चालूच असते, निवेदक माइकवर बक्षीस देणाऱ्याचं नाव, गाव आणि रक्कम सांगतो. तेवढ्यात पाठीमागे आणखी दोघे उभे राहतात. त्यांची नावं होईपर्यंत कीबोर्डवाल्याने पुढच्या गाण्याची पट्टी धरलेली असते. शेवटचा अंतरा गेला, त्यासोबत ‘वामन’ही गेला. बक्षिसाला माझा विरोध नाही; कलावंताच्या घरची चूल त्यावर पेटते. पण नावं गाणं संपल्यावर वाचता येतात. मुखड्यांच्या माळा लावण्याची सवय मात्र मला अक्षम्य वाटते. गाणं लोकांच्या तोंडी राहतं आणि कवी निनावी होतो.

हा कवी कोण होता? 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. मुंबईत मजुरी करताना त्याने अक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं पक्की केली. 1943 मध्ये पहिलं गाणं रचलं, तेही हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचं विडंबन. पुढे 2004 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो गावोगाव गात फिरला. 1993 मध्ये वर्ध्याला पहिलं अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी तोच होता. एवढं होऊनही मराठी कवितेच्या मुख्य चर्चेत त्याला ‘लोकगायक’ म्हणून एका ओळीत उरकलं जातं. त्याची रचना सोपी दिसते, पण ती कमावलेली आहे. ओळ एका श्वासात मावते, यमक कोरसमधल्या बाईला पहिल्याच फेरीत उचलता येतं, विचार मात्र पातळ होत नाही. ऑक्टोपॅडच्या दणदणाटात आधी ही ओळ तुटते.

ही ओळ जपण्याची जबाबदारी चंद्रपूरवर जास्त आहे. 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. आंबेडकरी चळवळीतले नेते बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या या गावाभोवतीच्या खेड्यापाड्यांत, जिथे पुस्तक पोचलं नाही, तिथे विचार गाण्यातून पोचला. शिवाय या भागाकडे अशी एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईकडे नाही, ती म्हणजे झाडीपट्टी रंगभूमी. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या नाटकमंडळ्या निघतात आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक रात्रभर नाटक पाहतो. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. चंद्रपूरचे अनिरुद्ध वनकर तर प्रबोधनाचा मंच आणि झाडीपट्टीचं नाटक, दोन्हीकडे वावरणारे. म्हणजे गाणं आणि नाट्य यांची सांगड इथे नव्याने घालायची नाही, ती घातलेलीच आहे.

अशी सांगड कवीसाठी कशी वापरता येते, याचं एक उदाहरण पाहा. अमेरिकेत वुडी गथ्री या लोकगायक-कवीच्या मृत्यूनंतर 1968 मध्ये कार्नेगी हॉलमध्ये आदरांजलीचा कार्यक्रम झाला. बॉब डिलनसारखे गायक गायले, पण गाण्यांच्या मधल्या जागा नटांनी भरल्या, गथ्रीचंच लेखन वाचून. वामनदादांचं ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन आपल्या हाताशी आहे. झाडीपट्टीतला एखादा कसलेला नट ते वाचतोय, बाजूला पेटी, ढोलकी आणि खंजिरी एवढीच साथ आहे, दहाच गाणी आहेत पण प्रत्येक शेवटपर्यंत, असा प्रयोग वडशाच्या मंडपात चालणार नाही असं मला मुळीच वाटत नाही. जो प्रेक्षक रडकथा पहाटेपर्यंत ऐकतो, त्याला चौथ्या अंतऱ्याचा कंटाळा येईल ही भीती आयोजकांची आहे, प्रेक्षकाची नाही.

त्याआधी एक काम हवं. जुन्या गायनपार्ट्यांमधल्या म्हाताऱ्या गायकांकडे हाताने उतरवलेल्या गाण्यांच्या वह्या आहेत, कोपरे झिजलेल्या, तेलकट डागांच्या. त्यांत पूर्ण अंतरे आहेत, चालींच्या खुणा आहेत, काही ठिकाणी छापील प्रतीपेक्षा वेगळे शब्दही आहेत. गोंडवाना विद्यापीठाने मराठीच्या विद्यार्थ्यांना या वह्यांमागे पाठवावं, छायाचित्रं घ्यावीत, गायकांना गायला लावून ध्वनिमुद्रण करावं. आणि ते सगळं आधी कार्यक्रम करणाऱ्या पोरांच्या हातात द्यावं, प्रबंध मागाहून लिहिले तरी चालतील.