‘आमुचं’मधली ‘मी’ : बेबीताई कांबळे आणि कृष्णवर्णीय लेखिका

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी आईला बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ वाचून दाखवीत होतो. आईला अक्षरओळख नाही. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या घरी रोज रात्री जेवणानंतर आठ-दहा पाने, असा क्रम होता. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवीत, तो भाग आला तेव्हा तिने मला थांबवले आणि असला खोडा तिच्या आजीने पाहिल्याचे सांगितले. पुस्तक संपल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “समदं खरं हाय. पर आमचं आमचं म्हन्ती, तिचं सोताचं कुठं हाय रं?”

हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचले त्याला तीस वर्षे होत आली. त्यावर मी टिपणे काढली, जयंतीच्या व्याख्यानांतून त्याचे दाखले दिले. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. तो का पडला नसावा, याचा शोध घेताना मला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखिकांकडे जावे लागले. त्या वाचनातून हाती आले ते येथे मांडत आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी आपले नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखडे यांनी तिथल्या साहित्याचा दाखला देत दलित लेखकांना विद्रोहाची वाट दाखवली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. हे सारे आपण अभिमानाने सांगतो. पण या तुलनेत दोन्हीकडे उभे असतात ते पुरुष. तिकडे रिचर्ड राइट आणि जेम्स बाल्डविन, इकडे पँथरचे कवी. तुलनेचा विषय असतो संताप. तिकडच्या आणि इकडच्या बायका शेजारी बसवून वाचण्याचे काम त्या मानाने फार थोडे झाले. माझ्या टिपणांतही ते नव्हते.

आता पुस्तकाकडे वळू. ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. वीरगाव-फलटणच्या परिसरातील महारवाडा त्यात उभा आहे. उपास, रोगराई, पोतराज, आषाढातले अंगात येणे, कोवळ्या वयाच्या पोरींची बाळंतपणे, सासूचा छळ, आणि मग बाबासाहेबांच्या शब्दाने जागी झालेली वस्ती. बेबीताई आपल्या समाजाचे दोष झाकत नाहीत. ज्यांना जगाने गुलाम केले त्यांनी आपल्या सुनांना गुलाम केले, हे त्या स्पष्ट दाखवतात. म्हणजे घरातल्या हिंसेबद्दल हे पुस्तक मुळीच गप्प नाही. ते गप्प आहे एकाच घराबद्दल, त्यांच्या स्वतःच्या.

त्या घरात काय होते, ते बऱ्याच काळाने कळले. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली आला. त्यासोबत त्यांनी घेतलेली बेबीताईंची मुलाखत आहे. फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात बसून बेबीताई लिहीत आणि लिहिलेले कागद घरच्यांच्या नजरेपासून दडवून ठेवीत, असे तीत येते. हे वीस वर्षे चालले. नवरा संशय घेई, मारहाण करी, हेही त्यांनी तिथेच सांगितले. मग पुस्तकात हे का नाही? त्यांच्या उत्तराचा आशय असा, की सगळ्याच बायका हे सोसत होत्या, मग आपलेच वेगळे काय सांगायचे?

हे उत्तर नम्रतेचे आहे, पण तेवढ्याने माझे समाधान होत नाही. खोडाही अनेकींच्या पायात होता, तरी तो त्यांनी लिहिलाच. माझ्या मते खरा प्रश्न वाचकाचा आहे. शिकूनसवरून पुढे गेलेल्या आणि मागचे विसरू पाहणाऱ्या आपल्या पोराबाळांसाठी आपण लिहीत आहोत, अशी बेबीताईंची धारणा होती. त्या वाचकाला समाजाची कहाणी हवी होती. पण छापले गेले ते ‘स्त्री’ मासिकात, आणि त्याचा वाचक प्रामुख्याने मध्यमवर्गीय, बराचसा सवर्ण. एक वाचक घरचा, दुसरा परका. घरच्यासमोर नवऱ्याचे उणे काढायचे तर चळवळीतला माणूस उघडा पडतो. परक्यासमोर काढायचे तर ‘यांच्यात असेच असते’ या समजाला पुरावा मिळतो. या दोन वाचकांच्या मध्ये ‘मी’ला जागा कुठे उरते?

हीच कोंडी अमेरिकेत सव्वाशे वर्षे आधी दिसते. हॅरिएट जेकब्ज उत्तर कॅरोलिनात १८१३ साली गुलामगिरीत जन्मली. मालकाच्या वासनेपासून सुटण्यासाठी ती आजीच्या घराच्या माळ्यावर, धड उभेही राहता येणार नाही अशा जागेत, जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. १८६१ साली तिची आत्मकथा निघाली ती लिंडा ब्रेंट या टोपणनावाने. तिचा वाचक होता उत्तरेतल्या गोऱ्या बायका. त्यांची सहानुभूती मिळवायची तर स्वतःवरचे प्रसंग सांगणे भाग होते, आणि सांगितले तर अब्रू जाणार होती. म्हणून तिने प्रसंग ठेवले आणि नाव लपवले. बेबीताईंनी नाव ठेवले आणि प्रसंग लपवले. जेकब्जला याची मोठी किंमत मोजावी लागली. पुढे कित्येक दशके अभ्यासक तिचे पुस्तक कादंबरी समजत राहिले, संपादिका लिडिया मारिया चाइल्ड हीच खरी लेखिका असेही मानले गेले. जीन फेगन येलिन या संशोधिकेने जेकब्जची पत्रे धुंडाळून १९८०च्या दशकात तिचे लेखकपण सिद्ध केले.

अ‍ॅलिस वॉकरने तिसरी वाट काढली. १९८२ सालच्या ‘द कलर पर्पल’मधली सेली अन्याय कोणाला सांगू शकत नाही, म्हणून देवाला पत्रे लिहिते. दुकानात कागद दडवणाऱ्या बेबीताई आणि देवाला पत्र लिहिणारी सेली, दोघींनाही लिहिताना समोर माणूस नको आहे. वॉकरजवळ कादंबरीचा आडोसा होता. १९८३ साली कादंबरीला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ललित लेखनासाठी ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पण १९८५ साली चित्रपट आला आणि निदर्शने झाली. कृष्णवर्णीय पुरुषांना गोऱ्यांसमोर बदनाम केले, हा आरोप. बेबीताईंनी जी भीती मनात धरली असावी असे मी म्हणतो, ती वॉकरच्या बाबतीत अशी प्रत्यक्षात उतरली.

दलित स्त्रीच्या लेखनात ‘मी’ येतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’मधली नाजा शिक्षिका होते, आणि शिक्षक असलेल्या नवऱ्याने दुसरे लग्न केल्यावर त्याचे घर सोडून निघते. हे सारे सांगितले आहे, आणि अगदी साध्या आवाजात. शांताबाई पँथरचे एक संस्थापक नेते अरुण कांबळे यांच्या आई. मुलाची कविता आम्ही तरुणपणीच वाचली, आईच्या पुस्तकाकडे मात्र मी फार उशिरा वळलो. २००३ सालच्या ‘आयदान’मध्ये उर्मिला पवार तर नवऱ्याशी झालेले खटके, आपल्या शिक्षणावरून आणि लेखनावरून घरात आलेला ताण, मोकळेपणाने मांडतात. या सतरा वर्षांत फरक कशात पडला? मला वाटते, उर्मिलाताईंना तिसरा वाचक मिळाला होता. मीनाक्षी मून यांच्यासोबत आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन त्यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे १९८९ सालचे पुस्तक सिद्ध केले होते. त्या बायकांचे ऐकत असताना त्यांना स्वतःलाही ऐकणाऱ्या मिळाल्या असतील. घरचे उणे ऐकून जी समाजाला नावे ठेवणार नाही आणि समाजाचे दुःख ऐकून घराला माफी देणार नाही, अशी ती वाचक. अमेरिकेतल्या कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्हने १९७७ सालच्या निवेदनात नेमकी हीच भूमिका घेतली होती. वर्णद्वेषाविरुद्ध आम्ही आमच्या पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून लढू, आणि पुरुषीपणाबद्दल त्याच पुरुषांशीही लढू.

आपल्या समीक्षेकडे या दृष्टीने पाहिले तर एक दोष ठळक दिसतो. शर्मिला रेगे यांनी २००६ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या आत्मकथनांना ‘साक्ष’ म्हणून वाचले. त्यामुळे एका बाईचे बोलणे समूहाचे बोलणे कसे होते, हे कळले. हे ऋण मोठे आहे. पण आपण त्यातली साक्ष तेवढी उचलली. साक्षीदाराला आपण विचारतो, काय पाहिलेस? लेखकाला विचारतो, हे असे का मांडलेस आणि काय वगळलेस? बेबीताईंना दुसरा प्रश्न आपण विचारला नाही. त्यांचे पुस्तक महारवाड्याचा दस्तऐवज म्हणून उद्धृत केले, भाषेला ‘अस्सल’ म्हणून पाठ थोपटली, आणि पुढे गेलो. वगळणे हाही लेखनातला निर्णय असतो. जी बाई खोडा लिहिते आणि स्वतःला बसलेला मार लिहीत नाही, तिने विचारपूर्वक निवड केली आहे. तो दोष मानू नये, आणि त्यागाचे गोडवे गाऊन त्यावर पांघरूणही घालू नये. ती निवड कोणासमोर आणि कशाच्या धाकाने करावी लागली, हे विचारावे. त्या धाकात माझ्यासारखे वाचकही होते. पुस्तक ‘आपले’ वाटले म्हणून मी खूश झालो होतो, आणि त्या खुशीत बाई हरवली.

तुलनेला मर्यादा आहेत, याची मला जाणीव आहे. वर्ण आणि जात एक नव्हेत. जेकब्जचा छळ करणाऱ्याच्या हाती तिच्यावर मालकाची सत्ता होती. बेबीताईंना मारणारा त्यांच्याच बाजूने लढणारा माणूस होता, आणि म्हणून त्याच्याविरुद्ध लिहिणे एका परीने अधिक अवघड होते.

हा प्रश्न केवळ पुस्तकांपुरता नाही. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या वस्त्या जळाल्या. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होते. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला, १ मे १९९९ला आमचा जिल्हा वेगळा झाला. त्या दिवसांच्या आठवणी मी वही घेऊन गोळा केल्या आहेत. आज वही उघडून पाहतो तर बहुतेक आठवणी पुरुषांच्या आहेत. बायकांनी सांगितले ते ‘आमची घरं’, ‘आमचे लोक’ एवढेच. मी पुढे विचारले नाही, आणि विचारले असते तरी मला सांगितले असते असे नाही.

हे मी खात्रीने म्हणतो, कारण त्या रात्री आईला मी विचारले होते, “मग तुझं सांग की.” ती हसली. “तुला कशाला? तू वाचून दावशील चार मान्सांत. नात आली म्हंजी बघू.” माझी पुतणी नांदेडला शिकते. दिवाळीत ती आली तेव्हा दोघी रात्री उशिरापर्यंत आतल्या खोलीत बोलत होत्या. काय बोलल्या ते मी विचारले नाही. माझी कोरी वही आणि त्या वेळच्या माणसांची नावे-गावे मात्र तिच्या हवाली केली आहेत. त्यातल्या बायका आता सत्तरी ओलांडून गेल्या आहेत, तेव्हा हे काम येत्या एक-दोन वर्षांतच व्हायला हवे. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी सुट्टीत कळमनुरी तालुक्यातून सुरुवात करायचे ठरवले आहे.