खिडकीतली झाडं आणि सराईतला बुलबुल

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आली होती. निसर्गात राहिल्यानं माणूस बरा होतो हे आता विज्ञानानं सिद्ध केलंय, मग तत्त्वज्ञानाला त्यात बोलायला काय उरलं? उरलंय थोडं. आज तेवढंच बोलतो.

'सिद्ध झालंय' म्हणणारे लोक एका निबंधाचा दाखला हटकून देतात. रॉजर उल्रिच यांचा, १९८४ सालचा, 'सायन्स' या नियतकालिकातला. अगदी छोटा आहे, वाचायला चहाच्या कपाएवढा वेळ लागतो. तरी तो न वाचताच सांगणारे फार. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण त्यांनी नोंदींतून निवडले आणि वय, लिंग, धूम्रपान असं सगळं जुळवून २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याला तपकिरी विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांनी घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांनी. झाडंवाल्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली.

म्हणजे फरक पाऊण दिवसाचा. कमी नाही हं! टाके ओले असताना पाऊण दिवस म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. पण तुलना कशाची झाली ते बघा. झाडं आणि कोरी भिंत. निसर्ग आणि शहर अशी ती नव्हतीच. उल्रिच यांनी स्वतःच शेवटी बजावलंय की यावरून सगळ्याच शहरी दृश्यांबद्दल निष्कर्ष काढू नका; दीर्घकाळ पडून कंटाळलेल्या रुग्णाला गजबजलेला रस्ता कदाचित जास्त बरा वाटेल. लेखक सावध होता, अनुयायी नाहीत. आपल्याकडे हे नेहमीच होतं, नाही का?

मला हे पटतं त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझी बायपास झाली. जनरल वॉर्डातल्या खिडकीतून दिसायचे पाइप आणि एक कबुतर. मग दाराजवळची खाट मिळाली, आणि मला हुशारी वाटू लागली. डबे घेऊन येणारे नातेवाईक, मामांची भांडणं, सिस्टरांची घाई. झाड एकही नाही. बागेकडच्या खोल्या वरच्या मजल्यावर होत्या आणि त्यांचा दर वेगळा होता. झाड औषध आहे हे एकदा मान्य केलं की त्याची किंमत लागते, हे मी तिथं शिकलो.

आता कांटकडे येतो. १७९० साली आलेल्या त्याच्या तिसऱ्या 'क्रिटिक'मध्ये एक गमतीची गोष्ट आहे. खेड्यातली मोकळी हवा खायला आलेल्या पाहुण्यांना खूष करायचंय, पण बुलबुल काही गात नाही. मग सराईवाला एका वात्रट पोराला झुडपात दडवून बसवतो आणि बोरूच्या पिपाणीवर बुलबुलाची हुबेहूब नक्कल करायला लावतो. पाहुणे तल्लीन. लबाडी कळली की मात्र तेच गाणं कुणाला ऐकवत नाही. कांटचं म्हणणं, आपल्याला नुसता सूर नको होता. तो निसर्गाचा आहे, हे हवं होतं. नुसता फायदाच मोजायचा तर पोराच्या पिपाणीत काय वाईट होतं? रक्तदाब तेवढाच उतरला असता.

हा युक्तिवाद मी पस्तीस वर्षं वर्गात शिकवला. पण माझी पत्नी शेवटच्या आजारात मोबाइलवर कोकिळेचं रेकॉर्डिंग लावून झोपायची. नकली आहे हे तिला माहीत होतं, आणि झोप लागायची. मी तिला कांट सांगितला नाही. तेव्हा त्याची गोष्ट निरोग्यांसाठी खरी असावी असं मला अलीकडे वाटतं. दुखण्यातला माणूस इतका चोखंदळ नसतो, आणि नसावाही.

दुर्गाबाईंचं उदाहरण मला यात महत्त्वाचं वाटतं. जंगलात संशोधन करताना त्यांना विषबाधा झाली आणि पुढची कित्येक वर्षं आजारपणात गेली. म्हणजे जंगलानंच पाडलं त्यांना. तरी १९५६ साली 'ऋतुचक्र' आलं, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. त्या पुस्तकात निसर्ग तुम्हाला बरं करील असं आश्वासन नाही. बाई बघतात, वास घेतात, नावं सांगतात. हल्लीच्या 'वनस्नाना'च्या पुस्तकांत पानापानावर वाचकाची नाडी तपासलेली असते. तिथं झाड कोणतं हे विचारायला कुणाला सवड नाही. साहित्य म्हणून मला ती पुस्तकं फिकी वाटतात ती एवढ्यासाठीच.

आणि निसर्ग म्हणजे कुणाचा निसर्ग? वॉर्डात माझ्या शेजारी पुरंदरकडचे एक शेतकरी होते. जुलै होता. मी त्यांना म्हटलं, ही खाट घ्या, इथून जरा आभाळ दिसतं. ते म्हणाले, "आभाळ बघून काय करू गुरुजी? आमच्याकडं पडलाय का तेवढं इचारा." मी सिस्टरना विचारलं. त्यांनी मोबाइलवर बघून सांगितलं, नाही. संध्याकाळी त्यांचं बीपी घेतलं तर वाढलेलं. या गृहस्थांना उल्रिच यांच्या कुठल्या जोडीत बसवायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बरं, चिठ्ठ्या आल्यात, त्या घेऊ.